मागच्या गाडीत शहाणा हवा

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत आजवर जे अपघात झाले नाहीत, त्यांतले निम्मे तरी आमच्या थोरल्या साडूंमुळे झालेले नाहीत. उरलेले निम्मे देवाच्या कृपेने टळले असं लोक म्हणतात. साडूंना तेही मान्य नाही. "द्येव काय हवा बघत फिरतो का?" असं त्यांचं म्हणणं. अडचण एवढीच, की झालेल्या अपघाताचा पंचनामा होतो, पेपरात फोटो येतो, चार माणसं बघायला जमतात. न झालेल्या अपघाताला कोणी विचारत नाही. त्यामुळे साडूंच्या आयुष्यभराच्या कामगिरीचा पुरावा मागाल तर तो माझ्याकडे नाही. रस्त्याने धडधाकट जाणारी माणसं आहेत, पण आपण पुरावा आहोत हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नाही.

मी मनातलं बोलून दाखवणाऱ्यांतला नाही. आमची बायको म्हणते, यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतली मोटार वर काढण्यासारखं, चार माणसं लागतात. अपराधी मात्र मला एकट्याला, कोणाच्याही मदतीशिवाय वाटू शकतं. शेजाऱ्याची म्हैस आटली तरी आपलंच काहीतरी चुकलं असेल असं वाटून मी दोन दिवस त्याच्या दारावरून जात नाही. सध्या साडूंच्या पिकअपची चावी आमच्या अवसरीच्या घरात, देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला टांगलेली आहे. येता-जाता ती दिसते. ती मी त्यांच्याकडून कशी आणली हे आमच्या घरात मी अर्धवटच सांगितलेलं आहे. इथे पूर्ण सांगतो. पण त्याआधी माणूस कोण आहे ते कळायला हवं, नाहीतर चावीचं वजन कळणार नाही.

आमच्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरलीला, म्हणजे साडूंच्या मंडळींना, मी आक्का म्हणतो. ते राहतात बोरी बुद्रुकला. ऊस, कांदा, थोडी द्राक्षं, एक ट्रॅक्टर, एक पिकअप. मी अवसरी बुद्रुकचा. बटाटा आणि तरकारी, आणि मंचरच्या बाजारात माल न्यायला एक छोटी गाडी. मी त्यांना दाजी म्हणतो, ते मला पावणं म्हणतात. माझी मुलं कॉलेजात गेली, माझे कानशिलावरचे केस पांढरे झाले, तरी मी पावणंच. लग्नात मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं. मी ज्या जीपमधून उतरलो तिच्या पुढच्या डाव्या चाकापाशी ते उकिडवे बसले, टायरवरून तळहात फिरवला आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "पोरगा बरा दिसतुय. टायर आतून खातंय तेवढं बघा म्हनावं." सासऱ्यांना पुढे कितीतरी दिवस वाटत होतं की हा माझ्या घराण्यातल्या एखाद्या दुखण्याविषयी बोलला.

साडू माणसं चेहऱ्याने ओळखत नाहीत, टायरने ओळखतात. गावातला एखादा मोठा पुढारी घरी येऊन गेला असं आक्कांनी सांगितलं की ते विचार करत म्हणणार, "म्हंजे ते, मधीच गुळगुळीत झाल्यालं? लई हवा भरतो तो. आन त्याचा भाऊ कमी भरतो, त्याची दोनी कडा गेल्याती." एका बापाचे दोन मुलगे किती वेगळे निघाले हे सांगायला त्यांना यापलीकडे काही लागत नाही. खिशात पेन नसेल, पैसे नसतील, चष्मा तर नसतोच. हवा मोजायचा पितळी गेज मात्र सदऱ्याच्या आतल्या खिशात, काळजापाशी. कोणी पाहुणा गाडी घेऊन आला की त्याला पाणी देण्याआधी ते गाडीभोवती प्रदक्षिणा घालतात, चारी टायरांवर हात ठेवतात आणि मान हलवतात. "गरम हायेत. गरम टायर खोटं बोलतंय, राव. पळून आलं की आकडा वाढीव दावतं. थंड झाल्याबिगर खरं सांगायचं न्हाई." आणि थंड कधी होणार? तर सकाळी. त्यामुळे साडूंच्या घरी तासाभरासाठी आलेला माणूस मुक्काम केल्याशिवाय सुटत नाही. लग्नाची पत्रिका द्यायला आलेले, जमिनीच्या बांधाचं बोलायला आलेले, एकदा तर चक्क भांडायला आलेले एक गृहस्थ टायर थंड व्हायची वाट पाहत आक्कांच्या हातचं पिठलं खाऊन ओसरीवर झोपले आणि सकाळी भांडण विसरून, चारी चाकांत बरोबर हवा घेऊन घरी गेले. पिठलं मात्र आक्कांना करावं लागलं, आणि त्या हिशेबात अजून कोणी त्यांचं नाव घेतलेलं नाही.

दसऱ्याला साऱ्या गावात गाड्यांना हार चढतात. साडूंकडे पूजेचा क्रम निराळा. आधी चाकं धुवायची, मग टायरच्या नखीतले, म्हणजे खाचांत अडकलेले, खडे एकेक करून टोकदार काडीने काढायचे, मग हवा, आणि मग फुलं. त्यातही पहिला हळदीकुंकवाचा मान स्टेपनीला. पिकअपच्या खाली आडवं झोपून ते लटकवलेल्या त्या जादा चाकाला कुंकू लावतात. मी एकदा विचारलं, तर मातीने भरलेली पाठ झाडत म्हणाले, "वर्सभर खाली अंधारात पडून ऱ्हाती, कदी तक्रार न्हाई, आन नडीला तीच उभी ऱ्हाती. तिला पयला मान नको?" आक्का ताट घेऊन शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आसं हाय व्हय? मंग त्ये कुक्कू जरा इकडं बी आना." 

त्यांच्या या व्रतापायी घरच्यांना काय सोसावं लागलं, ते सांगायचं तर पुतण्याच्या लग्नाचं सांगावं लागेल. नवरदेवाची गाडी फुलांनी झाकलेली, बँडवाले पुढे, करवल्या मागे, मुहूर्त तोंडावर. नवरदेवाने गाडीत एक पाय ठेवला आणि साडू मागच्या चाकापाशी ओरडले, "उतर! तार निघालीया!" टायरच्या कडेला रबर फाटून आतली तार दिसत होती, नखाएवढी. नवरदेवाच्या मामांनी समजूत घातली, की दोन वाड्यांपलीकडे तर जायचं आहे. साडू म्हणाले, "मान्सं दोन वाड्यापल्याड जाताना मरत न्हाईत का?" लग्नघरी हा शब्द! बायकांनी तोंडाला पदर लावले. साडूंनी स्वतः जॅक लावला, नव्या कोऱ्या धोतरावर काळे डाग पाडून घेतले, आणि तेवढा वेळ नवरदेव मुंडावळ्या सावरत उन्हात उभा, कारण गाडीत माणूस ठेवून जॅक लावायचा नाही हा दुसरा नियम. बँडवाले एकच गाणं वाजवून इतके दमले की शेवटी फक्त ढोलकीवालाच राहिला. मुहूर्त जेमतेम सापडला. लग्न झालं, संसार चांगला चालला आहे, दोन मुलं आहेत. आणि तो टायर पुढे फुटला असता की नाही हे कोणालाच कळलं नाही, कारण तो काढला होता. साडूंनाही कळलं नाही. पण मी पाहिलंय, त्या जोडप्याची पोरं अंगणात खेळायला लागली की साडू त्यांच्याकडे असे बघत बसतात, जसा एखादा गवंडी आपण बांधलेल्या भिंतीकडे बघतो.

इंधनाच्या बाबतीत ते पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींपेक्षा कडक. नवी गाडी घ्यायची म्हणून कोणी सल्ल्याला आलं की आधी स्थळाची चौकशी: रोज फिरणं किती, चढ किती, माल किती, पंप किती लांब, घरात धीराचं माणूस कोण. शेवटचा प्रश्न सीएनजीच्या रांगेसाठी. डिंभ्याकडच्या एका ओळखीच्या माणसाने कोणाला न विचारता सीएनजीची गाडी घेतली आणि धरणाकाठून गॅस भरायला पार खाली यायला लागला. साडू त्याला भेटले की हळहळत म्हणायचे, "भाऊ, तुमी ग्यास आनायला जाता, आन आनल्याला ग्यास घरी यायला जातो. ह्याला परपंच म्हनत न्हाईत." पण म्हणून ते जुन्याच मताचे आहेत असं समजू नका. त्यांची लेक मनीषा रोज डेअरीला जाते, तिला विजेवरची स्कूटर त्यांनीच घ्यायला लावली. "जवळचं जानं, रोजचं जानं, आन राती घरी खुट्याला बांधून चारा घालायचा. तुला हेच जनावर पायजे." स्वतःच्या पिकअपच्या टाकीच्या झाकणावर मात्र त्यांनी ढोबळ पांढऱ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं: 'डिझेलच'. नुसतं 'डिझेल' लिहिलं तर लोकांना ती सूचना वाटेल. 'च' घातला की आज्ञा होते. मी त्या 'च'ला फार हसायचो. मनात, अर्थात.

आणि टोचन! बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढणं याला आमच्याकडे टोचन म्हणतात, आणि साडूंच्या मते माणसाची खरी परीक्षा तिथे होते. त्यांच्याकडे जाड पट्ट्याचा एक दोर आहे. त्याच्या मधोमध लाल फडकं बांधलेलं असतं, म्हणजे दोन गाड्यांच्या मधून कोणी मोटारसायकल घालू नये. ते फडकं आक्कांच्या लग्नातल्या शालूचं. आक्कांना न विचारता कापलेलं. "आगं, दुकानातल्या फडक्याचा रंग उडतो, ह्याचा उडत न्हाई," हे त्यांनी नंतर दिलेलं स्पष्टीकरण. आक्कांनी ते प्रशंसा म्हणून घ्यावं अशी त्यांची अपेक्षा होती.

एकदा आम्ही डिंभ्याला गेलो होतो, धरणाकाठी मासे आणायला. तिथे चिखलात एक जीप रुतलेली, आणि चार तरण्या पोरांनी ट्रॅक्टरला साखळी बांधलेली, पण वरच्या बाजूला, सीटच्या मागे. ट्रॅक्टरवाला गिअर टाकणार एवढ्यात साडू मासे माझ्या हातात देऊन धावत गेले आणि त्या साखळीवर जाऊन बसले. अक्षरशः बसले, झोपाळ्यावर बसावं तसे. पोरं चिडली. "ओ बाबा, उठा की! मराचंय का?"

"मला न्हाई मराचं, तुला मराचंय. साखळी वर बांदली का फुडची चाकं उचलत्यात. एकदा उचलली की टॅक्टर मालकाला वळखत न्हाई, अंगावर येतो. खाली हुकाला बांद. आन बघ्यांनो, तुमी तिकडं वडाखाली जा. साखळी तुटली तर ती तुमाला हुडकत येती."

"तुमी कोन सांगनार?"

"मी कोन न्हाई. मी नुस्ता बसलोय."

अखेर साखळी खाली बांधली गेली, जीप निघाली, कोणाला काही झालं नाही, कोणी आभार मानले नाहीत. साखळीच्या गंजाचा पट्टा मागे उमटलेल्या त्या धोतरानिशी साडू माझ्या शेजारी येऊन चालायला लागले आणि म्हणाले, "मासं द्या इकडं. तुमी कवाचे पिशवी उलटी धरलीया." हा माणूस आपला नातेवाईक आहे, हे ओरडून सांगावं असं मला त्या दिवशी वाटलं होतं. मी पिशवी सुलटी धरली, एवढंच.

टोचनाचा त्यांचा मुख्य नियम वेगळाच आहे, आणि या सगळ्या गोष्टीचं कुलूप त्यात आहे. लोकांना वाटतं, ओढणारा म्हणजे पुढचा ड्रायव्हर महत्त्वाचा. साडूंचं उलट. "फुडं कुनीबी चालंल. मागं शहाना पायजे." कारण मागच्या गाडीचं इंजिन बंद, ब्रेक दगडासारखा घट्ट, स्टेअरिंग जड, पुढचा दिसत नाही, फक्त त्याची पाठ दिसते. दोर ढिला पडू द्यायचा नाही, कारण ढिला पडला की पुढचा झटका तोडतो. आणि इतकाही ब्रेक दाबायचा नाही की पुढच्याला ओझं वाटावं. म्हणजे स्वतःची ताकद नाही, दिशा दुसऱ्याची, आणि सांभाळायचं मात्र सगळं आपण. तेव्हा टोचन असलं की मागच्या गाडीत साडू. गावातल्या कोणाचीही गाडी असो. आणि मी? इतक्या वर्षांत ज्या ज्या वेळी आम्ही दोघं होतो, त्या प्रत्येक वेळी मला त्यांनी पुढे बसवलं. "पावणं, तुमी फुडं. तुमी नुस्तं हळू चला." माझी पत काय होती ते यावरून समजा.

आता चावी.

दोन-अडीच वर्षांपूर्वी साडूंना एक नवा नाद लागला. ते सगळ्यांना गेज वाचायला शिकवू लागले. हवा मोजायची आणि गेज शेजारी उभ्या असलेल्याच्या हातात द्यायचा: "वाच बरं आकडा. शीक जरा." आक्कांना शिकवलं, मनीषाला शिकवलं, पोस्टमनला शिकवलं. आम्ही हसलो, म्हटलं म्हातारपणी मास्तरकी. मग त्यांनी पिकअपने स्वतःच्याच फाटकाचा खांब घासला, आणि आठ दिवसांनी पुन्हा तोच खांब. मनीषा त्यांना बळेच नारायणगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. काचबिंदू. कडेचं दिसणं बरंचसं गेलेलं, मधलंही अंधूक. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं सांभाळा, थेंब घाला, आणि गाडी बंद. साडू घरी येऊन एवढंच म्हणाले, "त्या डाक्टरची गाडी बगितली. चारी टायर ब्येकार." आणि दुसऱ्या दिवशी पिकअप घेऊन बाजारला गेले.

आक्कांचा मला फोन आला. आवाज दबलेला. "पावणं, माजं आयकत न्हाईत, पोरीचं आयकत न्हाईत. रस्त्यावर लेकरं आसत्यात. तुमी आसं करा, गाडी मागून न्या. म्हना, तुमची गाडी ग्यारेजला हाय. आन मंग परत दिऊच नका."

मी हो म्हणालो. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या अडवल्या, त्याची गाडी चोरासारखी काढून आणायचं मी कबूल केलं, कारण तोंडावर सांगण्याची छाती आमच्या सबंध नातेवाइकांत कोणाची नव्हती. माझी तर नव्हतीच. मी एसटीने बोरीला गेलो. रात्री मुक्काम. सकाळी दूधभाकरी खाताना, ताटात बघत म्हणालो, "दाजी, माझी गाडी गॅरेजला आहे. क्लच गेलाय. बटाट्याला चार दिवस पिकअप मिळाली तर..."

त्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाले, "न्या की." आणि उठून तयारीला लागले. यापेक्षा त्यांनी नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी स्टेपनी पाहिली. जॅक, पाना, दोर, लाल फडकं जागेवर आहे की नाही ते हाताने चाचपलं. थंड टायरांत बटाट्याच्या वजनाच्या मानाने हवा भरली, कारण "रिकामी आन भरल्याली, दोगींची हवा येक नसती". गेज माझ्या हातात दिला. "वाचा." मी वाचला. आकडा सांगताना दोनदा अडखळलो. "काय वो पावणं, थंडी वाजती का?" मी म्हणालो, हो. कार्तिक महिना होता, तेव्हा ते खपलं. फाटकातून बाहेर पडताना आरशात पाहिलं तर ते त्या घासलेल्या खांबाला धरून उभे होते आणि हात भलत्याच दिशेला हलवत होते.

हायवेला लागण्याआधीच्या पंपावर मी थांबलो. झाकण स्वतः उघडलं, उलटं करून टपावर ठेवलं. तेवढ्यात आक्कांचा फोन. "निगाली का गाडी? काई म्हनलं का?" मी तिकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत होतो आणि पंपावरच्या माणसाने विचारलं, "काय टाकायचं?" माझी स्वतःची गाडी पेट्रोलची. इतक्या वर्षांची सवय. मी म्हणालो, "पेट्रोल. फुल."

फोन ठेवून झाकण लावायला हातात घेतलं. 'डिझेलच'. तो 'च' माझ्याकडे बघत होता.

चावीला मी हात लावला नाही, एवढं एक बरोबर केलं. पंपावरच्या माणसांनी गाडी ढकलून कडेला लावली. फोन कोणाला करायचा? मी मनीषाला करू शकलो असतो. पण त्या क्षणी मला असं वाटलं की आता या माणसाशी आणखी एक लपवाछपवी केली तर मी पुन्हा बोरीच्या फाटकातून आत जाऊ शकणार नाही. साडूंनाच फोन लावला. सगळं सांगितलं. तिकडून एकच प्रश्न आला, "चालू केली का?"

"नाही."

"हात तरी लावला का चावीला?"

"नाही, दाजी."

"मंग काय झालं न्हाई. फिटर टाकी उतरवून धुईल. टोचन करू. थांबा."

तासाभराने मनीषा ट्रॅक्टर घेऊन आली. एकटीच, मडगार्डवर माणूस बसवायचा नाही, हा नियम बापालाही लागू. बाप मागून डेअरीवाल्याच्या मोटारसायकलवर, डोक्यावर भलं मोठं हेल्मेट घालून आला. उतरला, पिकअपभोवती एक चक्कर टाकली, चारी टायरांवर हात ठेवला. मग माझ्याकडे वळला.

"क्लच गेला म्हनला ना तुमच्या गाडीचा?"

मी झाकण पुन्हा एकदा घट्ट फिरवलं.

"सकाळी तुमी जो आकडा सांगितला ना, क्लचचा, त्यो गरम टायरचा व्हता, पावणं. मला तवाच कळलं. तुमच्या आक्कानं सांगितलं आसंल."

मनीषा दोर सोडवत खाली बघत होती. मी विचारलं, "मग दिली कशाला गाडी?"

त्यांनी हेल्मेट काढलं. डोक्यावरचे विरळ केस घामाने चिकटले होते. "आता कसं सांगू तुमाला. धा गाड्या आडवल्या, शंबर आडवल्या. ह्ये चालनार न्हाई, त्ये चालनार न्हाई. आन सोताचं काय? खांब घासला तवाच समजलं व्हतं मला. पन आपनहून कसं उतरायचं, राव? कुनीतरी मागायला पायजे व्हतं ना. तुमी मागितली. तोंड पाडून मागितली, खोटं बोलून मागितली, पन मागितली." मग एकदम जोरात, पंपावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आन पेट्रोल घातलं माज्या गाडीत! 'च' दिसला न्हाई का तुमाला? डोळं कुनाचं गेल्यात, माजं का तुमचं?"

मनीषा हसायला लागली, मीही. हसता हसता तिने डोळे पुसले आणि पट्टा खाली हुकाला अडकवला. साडूंनी दोन्ही टोकं हाताने चाचपून पाहिली, फडकं मधोमध सरकवलं. मी सवयीने ट्रॅक्टरकडे चालायला लागलो.

"तिकडं कुटं?"

"पुढं बसतो ना."

"फुडं ती हाय. तिला येतंय." आणि पिकअपचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून ते बाजूला झाले. "तुमी मागं बसा."

मला एकदा शाळेत बक्षीस मिळालं होतं, एकदा बटाट्याच्या पिकाबद्दल गावात शाल मिळाली होती. त्या दोन्ही वेळी काय वाटलं होतं ते आता आठवत नाही. पिकअपच्या त्या फाटक्या सीटवर बसताना काय वाटलं ते आठवतं. चावी अर्धीच फिरवली, स्टेअरिंगचं कुलूप सुटेल इतकीच. ते त्यांना सांगावं लागलं नाही. ते माझ्या डाव्या बाजूला बसले, पट्टा लावला. मनीषाने हात वर केला, मी हात वर केला, आणि आम्ही निघालो.

बोरीकडे तोंड, सकाळचं ऊन थेट समोरून. ब्रेकवर सगळं वजन टाकावं लागत होतं. पायाखाली गाडी आहे, पण ती आपली नाही, ही अवस्था पहिल्यांदा अनुभवली, आणि हा माणूस इतकी वर्षं लोकांच्या मेलेल्या गाड्यांत बसून हे करत आला, ते कळलं. साडू समोर बघत होते. दोन्ही हात मांडीवर, पण उजवा पाय उताराला आपोआप दाबला जात होता. उसाच्या शेतांच्या मधल्या वळणावर ते म्हणाले, "पावणं, फडकं कसं हाय? ताठ हाय का लोंबतंय?"

फडकं आमच्या समोर पाच-सहा हातांवर होतं. आक्कांच्या शालूचं, अजून लालभडक, उन्हात पेटल्यासारखं.

"ताठ आहे, दाजी."

"मंग बराबर," ते म्हणाले आणि मागे टेकले. गाडीत बसून मागे टेकलेलं मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

फिटरने दुपारी टाकी उतरवली. पिकअप चालू झाल्यावर मी चावी काढून त्यांच्या पुढे धरली. आणलेलं खोटं परत करावं तशी. त्यांनी हाताने चाचपत माझी मूठ शोधली आणि मिटली. "ऱ्हाऊ द्या. बटाटं वाहा. मातर थंड आसतानाच हवा बगायची." आतून आक्कांचा आवाज आला, की पिठलं टाकते, पाहुणे राहणार असतील. मी राहिलो.

आता महिन्या-दोन महिन्यांनी ते एसटीने अवसरीला येतात. आल्या आल्या पिकअपभोवती हात फिरवत एक चक्कर, मग मान हलवणं, मग मुक्काम. सकाळी मी उठायच्या आत ते अंगणात असतात. व्हॉल्व्ह बोटाने शोधतात, गेज स्वतः लावतात, फुस्स करून हवेचा थोडा आवाज येतो, आणि गेज माझ्याकडे धरतात. "काय म्हनतंय?"

मी त्या काट्याकडे नीट बघतो. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी गिळल्या, काही चुकवल्या, पण तो आकडा मी आजवर एकानेही इकडचा तिकडे केलेला नाही. सांगतो. ते ऐकतात, दोन कमी आहेत की जास्त ते ठरवतात, आणि मग दार चाचपून डाव्या सीटवर बसतात, पट्टा लावतात. मी गाडी चालू करतो. पुढे ट्रॅक्टर नसतो, दोर नसतो, मंचरपर्यंत मोकळा रस्ता असतो.

"चला पावणं," ते समोर बघत म्हणतात, "ताठ धरा."

आणि मी धरतो.